तोंड न उघडता घेतलेला तास

“…मग माझ्यात खोट काय आहे, तेवढं तरी सांगा ना, मास्तर!”

उन्मेष कोष्टीचा आवाज चढला होता. तो कायमच चढलेला असायचा. विट्याला यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेला गडी. त्यांच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही.

इनास मास्तर खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. मूळचे वसईचे, पण माल्टा बेटावरच्या या इंग्रजीच्या शाळेत त्यांची हयात गेली. देशोदेशीची माणसं इथं इंग्रजी शिकायला येत, आणि इंग्रजी शिकवायचं प्रमाणपत्र हवं असलेली माणसं मास्तरांच्या हाताखाली येत. उमेदवारानं खऱ्याखुऱ्या वर्गावर तास घ्यायचा, मास्तरांनी मागच्या बाकावर बसून बघायचं आणि पास की नापास ते सांगायचं, अशी रीत.

उन्मेषचे तास एकामागून एक पडले होते. आता शेवटचा उरला होता. तोही पडला, की प्रमाणपत्र नाही, नोकरी नाही. बॅग उचलायची आणि विट्याची वाट धरायची. आणि विट्याच्या चौकात तर भावानं फ्लेक्स लावून ठेवला होता, ‘परदेशात इंग्रजी शिकवणारा आपला वाघ!’

“व्याकरण चुकलं का माझं?”

“नाही.”

“उच्चार?”

“झकास.”

“मग?”

“वर्ग बोलला का?”

“मी कुठं अडवतो? पण ती बोलतच नाहीत. घुम्यासारखी बसतात. एकेका शब्दाला घाम फुटतो त्यांना. मग मीच पुरं करतो वाक्य. काय करू?”

मास्तरांनी एक फोड तोंडात टाकली. सावकाश चघळली.

“पहिल्या दिवशी त्यांनी तुला विचारलं होतं, सर, तुम्ही कुठले. काय सांगितलंस?”

उन्मेष चपापला. म्हणजे म्हाताऱ्यानं ऐकलं होतं तर! ‘लंडनचा,’ असं ठोकून दिलं होतं त्यानं. अगदी सहज. विटा म्हटलं असतं तर कोण हिंग लावून विचारणार होतं?

“ते… आपलं… त्यांचा विश्वास बसावा म्हणून…”

“हं.”

मास्तरांनी साली गोळा केल्या.

“उद्या शेवटचा तास घे. पण तोंड उघडायचं नाही.”

“म्हणजे?”

“हात आहेत, फळा आहे, भिंतीवर नकाशा आहे. तोंडातून एक शब्द निघाला, की नापास.”

“मास्तर, इंग्रजीचा तास, आणि न बोलता? थट्टा करताय का गरिबाची?”

“संत्रं गोड आहे. घे.”

दुसऱ्या दिवशी उन्मेष वर्गात शिरला तो ओठ मिटूनच. मास्तर मागच्या बाकावर होते.

नेमका त्याच दिवशी एक नवा विद्यार्थी आला होता. हर्नान, कोलंबियाचा. आता याला वर्गाची ओळख करून द्यायची, तर कुणीतरी बोलायला हवं. उन्मेषनं हात पुढं केला तो गुल्सुमकडं. ही तुर्कस्तानची, एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामावर. नवरा वारलेला, वय पन्नाशीचं. सगळ्या वर्गात घुमी म्हणावी तर हीच.

गुल्सुम उठली. पदर असता तर नक्की त्याला पीळ घातला असता. नाही म्हणून बाहीलाच घातला.

“हे… हे…”

एरवी उन्मेषनं तिचं वाक्य कधीच पुरं करून टाकलं असतं. आज तो नुसता उभा राहिला.

“हे आमचे सर,” ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “लंडनचे.”

उन्मेषनं चोरून मागच्या बाकाकडं बघितलं.

“सर फार छान बोलतात. कधी चुकत नाहीत. तिथंच जन्मले ना.” ती हर्नानकडं वळली. नव्या माणसाला घरातली रीत सांगावी, तसं सांगत होती. “मी गावातली. आम्ही चुकणारच. म्हणून मी इथं गप्प बसते. तूही चुकलास तर वाईट वाटून घेऊ नको. आपण काय लंडनचे नाही.”

तिच्या बोलण्यात रागलोभ काही नव्हता. तेच लागलं त्याला. एवढे दिवस तो म्हणत होता, ही माणसं बोलत नाहीत. अरे, बोलतील कशी? त्यानंच तर त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि वर त्यांनाच घुमे म्हणत होता!

हर्नानचा चेहरा मात्र खुलला.

“लंडन? मी वर्षभर भांडी घासली तिथं, हॉटेलात. सर, लंडनमध्ये कुठले तुम्ही?”

सगळा वर्ग त्याच्याकडं बघायला लागला.

उन्मेष नकाशाकडं गेला. त्याचं बोट लंडनच्या दिशेनं निघालंही. खोटं बोलायला तोंडच लागतं, असं थोडंच आहे? पण शेजारी गुल्सुम येऊन उभी राहिली होती, मान पुढं करून, सरांचं गाव बघायला. तिच्या डोळ्यांतलं कौतुक त्याला बघवेना. बोट तिथून निघालं ते समुद्र ओलांडून खाली आलं आणि हिंदुस्तानात, पश्चिमेच्या अंगाला, टेकलं.

“इंडिया?”

त्यानं मान हलवली. हो.

“मग… लहानपणी गेला असाल लंडनला?” गुल्सुमनं विचारलं. ती त्याला हात देत होती, बिचारी. हो म्हटलं असतं तर भागलं असतं.

उन्मेषनं मान हलवली. नाही.

“मग… कधी?”

बोलायची मुभा असती तर दहा सबबी सांगितल्या असत्या, आणि त्याही अस्खलित. पण आता जवळ होते ते दोन हात. अशा वेळी काय करायचं हे त्या हातांना तिसरीच्या वर्गापासून ठाऊक होतं.

त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. आणि मान खाली घातली.

वर्गाला काही कळेना.

“कान दुखतो?” हर्नान म्हणाला.

“नाही, नाही! ऐका म्हणतात, ऐका!” कोपऱ्यातून कुणीतरी.

“आपण ओरडतो म्हणून असेल.”

“कुठं ओरडतो? आपण तर बोलतच नाही!”

एकच कालवा झाला. जो तो बोलायला लागला. चुका म्हणाल तर पावलोपावली, पण थांबायला तयार कोण? उन्मेष तसाच उभा. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, डोळे जमिनीवर. लाज वाटत होती, नुसती लाज. ती लपवावी कुठं, तेही कळत नव्हतं.

गुल्सुम तेवढी गप्प होती. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

“सॉरी,” ती हळूच म्हणाली. “ते सॉरी म्हणतायत.”

गलका थांबला. गुल्सुमनंच पुढं विचारलं,

“तुमच्या आईला इंग्रजी येतं?”

नाही.

“मग तुम्ही शिकलात? आमच्यासारखे? चुकत?”

हो.

“खूप चुकत?”

त्यानं कान सोडले आणि हात पुरतील तेवढे पसरले. कुणीतरी फिस्सकन हसलं. गुल्सुम मात्र हसली नाही.

“गावाचं नाव?”

त्यानं फळ्यावर इंग्रजीत लिहिलं. विटा. तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग हर्नानकडं तोंड करून, मघाचीच ओळख पुन्हा, पहिल्यापासून करून दिली.

“हे आमचे सर. विट्याचे. तेही चुकायचे.”

आणि मग जी सुरू झाली! आपलं गाव, गावातली विहीर, सासू, हॉटेलच्या चादरी… तास संपल्याचं वर्गाला कळलंसुद्धा नाही.

जाताना गुल्सुम दारात थांबली.

“मी घरी फोनवर सांगितलं होतं, माझे सर लंडनचे,” ती म्हणाली. “मुलीला फार आनंद झाला होता.”

बस, एवढंच. आणि गेली.

उन्मेषला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्ग रिकामा झाला. मास्तर मागच्या बाकावरून उठले, बाकं ओलांडत त्याच्याजवळ आले. पास की नापास, विचारायची छाती झाली नाही त्याला. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ अजून घट्ट मिटलेले.

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. फळ्यावरच्या ‘विटा’कडं बघितलं. पुसायला उचललेलं फडकं पुन्हा खाली ठेवलं.

“आता बोललास तरी चालेल.”