बिनमुद्रेची फळी

एका राज्यात, ज्याचे नाव घ्यायलाही आधी परवानगी काढावी लागे म्हणून आपणही ते घेत नाही, काडी हलायची तर राजाच्या मुद्रेनेच हलत असे. हे नुसते बोलणे नव्हे, चेटूक होते. आताच्या राजाच्या आजाला साऱ्या जगाचा संशय. त्याने एका जादूगाराला सांगितले, "माझ्या मुद्रेवाचून सरकारी वस्तूला कोणी हात लावता कामा नये." जादूगाराने मंत्र टाकला. तेव्हापासून बिनमुद्रेचे सरकारी लाकूड कोणी तोडले की त्याचे पाणी होई, दोर उचलला की त्याचे गवत होई. आणि त्या राज्यात सरकारी नव्हते असे काय? रानातला साग सरकारी, विहिरीचा दोर सरकारी, देवळापुढची पायरीसुद्धा सरकारी.

गावोगावचा शेतसारा राजधानीला जाई आणि सात देवड्या ओलांडून भांडारात पडे. गावांना काही परत यायचे तर त्याच सात देवड्यांतून यावे लागे, आणि दर देवडीवर ते थोडे झिजे. आत पोते जाई, बाहेर मूठ येई.

राजा धीरसेन मनाचा चांगला होता. सूर्य उगवायच्या आत तो मुद्रा उमटवायला बसे आणि ताट निवून जाईतो उठत नसे. पण मंत्र काही फुकट चालत नाही. दर मुद्रेमागे राजाचा उजवा हात कणभर दगड होई. बोटे गेली, मनगट गेले, कोपर गेले. आता दगड खांद्याशी येऊन ठेपला होता आणि राजा डाव्या हाताने मुद्रा उमटवीत होता. छातीला पोचला की आटोपले, असे वैद्य सांगून चुकले होते.

त्या राज्याच्या टोकाला, नदीकाठच्या डोहवाडीत केवळा नावाची नावाडीण राहात असे. तिच्या होडीची तळची फळी फुटली होती. होडीपासून दहा पावलांवर वादळात पडलेला साग वर्षभर वाळत होता, पण त्याला मुद्रा नव्हती. अर्ज धाडून आठ महिने झाले होते. इकडे केवळाच्या लेकीचे, शेवंताचे, दिवस भरत आले आणि सुईण राहिली पैलतीरावर. मागल्या साली ह्याच पाण्यापायी गावातल्या दोन बाळंतिणी गेल्या होत्या. केवळा रात्रंदिवस तेवढीच एक धास्ती घेऊन होती. शेवटी तिने फडक्यात भाकरी बांधली आणि राजधानीची वाट धरली.

पहिल्या देवडीच्या कमानीवर एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "बाई, काम काय?"

"होडीला एक फळी हवी."

"मग इथे म्हातारी होशील. मी आजेराजांचा चिटणीस होतो. मंत्राला हरकत घेतली म्हणून जादूगारानं पाखरू केलं. उतारा मला ठाऊक आहे, पण पाखराचा अर्ज कुठल्या देवडीवर घेतात?"

"मला सांगा. मी नेते."

"तीन गोष्टी लागतात. भांडारातून निघून सबंध पोचलेली वस्तू ही पहिली. जिचं कारण देणाऱ्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्याकडे उरलं नाही, अशी करपट्टी ही दुसरी. राजानं मुद्रेवाचून दिलेलं आणि रयतेनं मुद्रेवाचून घेतलेलं काही, ही तिसरी. दोन गोळा कर. तिसरीची गाठ राजापुढेच पडेल."

केवळा गावोगाव हिंडली. कुणाला अर्धा दोर पोचला होता, कुणाला बिनपात्याचा नांगर. तिसऱ्या दिवशी एका खेड्यात तिला पुलासाठी आलेली सबंध फळी सापडली, लखलखीत मुद्रेची. पण फळी पुलावर नव्हती, देवळात होती. तिला हळदकुंकू वाहिले होते आणि पुढे उदबत्ती लावली होती.

"ही ठोकली का नाही?" केवळाने पाटलाला विचारले.

पाटील म्हणाले, "पोचवायचा हुकूम आला, ठोकायचा आला नाही. तवर पूजा तरी करावी म्हटलं."

गावची माणसे गावापुढचा ओढा अजून कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडत होती. केवळाला हसावे की रडावे कळेना. राजाला दाखवून परत आणीन, असे वचन देऊन तिने फळी डोक्यावर घेतली.

दुसरी गोष्ट तिच्या स्वतःच्या घरातच होती. दरसाल दर घर मूठभर कापूस देई. तिला झूलपट्टी म्हणत. वाटेत तिने दहा दारांत विचारले, ही पट्टी कशाची? दहाही जण म्हणाले, द्यायची असते. विचारत विचारत ती राजधानीच्या हत्तीखान्यात पोचली. तिथे आढ्यापर्यंत कापूस रचला होता आणि हैबती नावाचा म्हातारा माहूत मोकळा खुंटा झाडत होता.

"बाबा, हत्ती कुठंय?"

"हत्ती जाऊन चाळीस वर्षं झाली, बाई. त्याच्या झुलीसाठी ही पट्टी. थांबवायचा हुकूम आला नाही, म्हणून घेतो. मलाही घरी जा म्हणून कुणी सांगितलं नाही."

केवळाने वाटेत एका दारातून मागून घेतलेला, अजून न भरलेला मूठभर कापूस हाती धरला आणि माहुताला बरोबर घेतले. डोक्यावरच्या फळीची मुद्रा पाहून सातही देवड्यांचे पहारेकरी बाजूला झाले. मुद्रेपुढे त्या राज्यात कोणी तोंड उघडत नसे, एवढा मात्र तिला उपयोग झाला.

राजाने फळीची कथा ऐकली, कापसाची ऐकली, भारद्वाजाने सांगितलेला उताराही ऐकला. मग म्हणाला, "मी जन्मभर हेच करत होतो?"

"आपण झिजलात, महाराज. पण आमच्यापर्यंत पोचला नाहीत," केवळा म्हणाली.

राजाने माहुताला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "झूलपट्टी आजपासून बंद. बाबा, आपण घरी जा. राज्य आपलं ऋणी आहे." म्हातारा तिथेच खाली बसून रडला. मग राजा केवळाकडे वळला.

"यापुढे गावचा निम्मा सारा गावातच राहील. होडी, विहीर, पूल गावानं पाहावा. उरलेल्या निम्म्यात मी हमरस्ते आणि दुष्काळ पाहीन. तुझ्या काठावरचा साग तुमचा. घेऊन टाक."

"मुद्रा, महाराज?"

"मुद्रा नाही. माझा शब्द आहे."

"आणि गावात कुणी खाल्लं तर?"

"वर्षातून एकदा चावडीवर सगळ्यांसमोर वाचा, काय आलं नि कशाला लागलं. मीही माझं वाचीन."

केवळा निघाली. पाटलाची फळी परत दिली आणि ठोकायचा निरोपही दिला. डोहवाडीच्या शिवेवर शेजारीण धावत आली. शेवंताच्या कळा सुरू झाल्या होत्या. केवळाने कुऱ्हाड उचलली. सागाभोवती गाव जमला.

"मुद्रा दाखव," गावकरी म्हणाले. "पाणी झालं तर हेही लाकूड हातचं जाईल."

मुद्रेवाचून केवळाने आयुष्यात काही उचलले नव्हते. राजाचा शब्द खोटा ठरेल, ह्याहून तिला आपलाच धीर सुटेल ह्याची भीती वाटत होती. घरातून शेवंताची हाक आली आणि तिने घाव घातला.

ढलपी उडाली, पायाशी पडली, आणि लाकूडच राहिली. दुसरा घाव सुताराने घातला, तिसरा चावडीच्या कारभाऱ्याने. दिवस कलायच्या आत फळी बसली, सुईण आली, आणि केवळाला नात झाली.

तिकडे राजाच्या हाताची बोटे पहिल्या घावालाच हलली. भारद्वाजाला पुन्हा माणूस व्हायची मुभा मिळाली. तो म्हणाला, उपकार झाले, पण पुन्हा अर्ज लिहायला कोण बसतो? आणि पाखरूच राहिला.

सारा भरायच्या दिवशी राजा स्वतः डोहवाडीला आला. केवळा आभार मानायला वाकली, तर राजाच आधी वाकला. "हा सुटलेला हात तुझा आहे," तो म्हणाला. मग होडीतून पैलतीरी गेला आणि उतरताना त्याने उतारूचे दोन पैसे पुढे केले.

"आपल्याकडून कसे घेऊ, महाराज?"

"होडी गावची आहे. सगळे देतात तसे मीही देणार."

केवळाने ते घेतले. त्या राज्यात राजाने रयतेला पट्टी भरल्याचा तो पहिला दिवस. त्या राजाचा जसा हात सुटला, तशी ऐकणाऱ्यांची अडलेली कामे सुटोत.