तुळाजीनं हप्ता कमी केला

एका गावात एक भोळा गृहस्थ राहायचा. नाव तुळाजी. भोळा हे लोक तोंडावर म्हणायचे, मागं वेगळं म्हणायचे.

त्याच्या बायकोचं, सरसाबाईचं, डोकं मात्र ठिकाणावर होतं. कारखान्यातल्या कामगारांना डबे पोचवायला तिनं पाटल्या मोडून विजेवर चालणारी गाडी घेतली. डबे वेळेत पोचले तर धंदा, नाहीतर पाटल्याही गेल्या आणि धंदाही. गाडीचा विमा काढायला तिनं तुळाजीला पाठवलं. चूक एवढीच झाली.

हप्ता ऐकून तुळाजी खाली बसला. विम्याचे एजंट कुलथे म्हणाले, "तुळाजीराव, विजेची गाडी म्हणजे सगळी किंमत बॅटरीत. म्हणून विमा महाग. वर्षभर काही मागितलं नाहीत, तर पुढच्या वर्षी हप्ता कमी होईल. आणि बॅटरीला पाण्यापासून जपा. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," तुळाजी म्हणाला.

आठवड्यात गाडीशेजारच्या कडब्यानं पेट घेतला. सरसाबाई हंडा घेऊन धावली. तुळाजी आडवा आला. "पाणी नाही! साहेबांनी सांगितलंय!" कडबा जळाला, गाडीचा पुढचा बंपर वितळला.

कुलथ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, आग दिसली की वाळू टाकायची! कुणाला विचारत बसायचं नाही."

"ठेवलं ध्यानात."

दुसऱ्याच दिवशी शेजारी वास्तुशांत होती. मांडवामागं चूल धडाडून पेटलेली, वर बुंदीची कढई. तुळाजीला आग दिसली. त्यानं कुणाला विचारलं नाही. घमेलंभर वाळू चुलीत, घमेलंभर कढईत. पाहुण्यांनी त्या दिवशी बुंदी चावली नाही, दात मोजले.

आचारी झारा घेऊन मागं लागला, तेव्हा तुळाजीनं पळता पळता फोन केला. "साहेब, कढई आपल्या विम्यात बसते का?"

कुलथे ओरडले, "नाही बसत! आणि यापुढं काहीही झालं, तरी आधी फोटो काढायचे. कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही!"

"ठेवलं."

मग तुळाजीच्या सासूबाई आल्या आणि अंगणातल्या चिखलात घसरून पडल्या. तुळाजीनं चारी बाजूंनी फोटो काढले. "सासूबाई, जरा इकडं बघा. आता ढोपर दिसू द्या." शेजारीण उचलायला आली तर हिनं पुरावा बिघडवला म्हणून तिच्यावरच खेकसला. सर्व्हेअर काही आला नाही. सासूबाई चिखलातून जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

सरसाबाईनं कुलथ्यांना फोनवर झाडलं. कुलथ्यांनी तुळाजीला झाडलं. "अहो, पडलेल्याला आधी उचलायचं, हळद लावायची, गरम पाण्यानं शेकायचं! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"आहे," तुळाजी म्हणाला. "ठेवलं ध्यानात."

पुढच्याच महिन्यात डबे पोचवून येताना गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली. खाली दगड होता, बॅटरीची पेटीच फुटली. तुळाजीला खरचटलंही नाही. त्यानं बैल लावून गाडी उचलली, घरी आणली, हळद लावली आणि बंबभर कढत पाण्यानं शेकली.

"अहो, बॅटरीला पाणी?" सरसाबाई किंचाळली.

"थंड पाण्यानं आग विझवत होतीस तू. हे गरम आहे."

सरसाबाई रडली. मग डोळे पुसून तिनंच फोन लावला. कुलथे म्हणाले, "वहिनी, रडू नका. दगडानं बॅटरी फुटली, ती भरपाई मिळेल. हळदीचं काय ते सर्व्हेअर बघेल." तिला धीर आला. सर्व्हेअर यायच्या दिवशी ती शेजारणीकडून उसने डबे आणायला गेली. घरी तुळाजी होता.

सर्व्हेअर आला. पिवळी गाडी बघून गांगरला. "भरपाई मागायची आहे ना?"

"छे! काहीच मागायचं नाही."

"नक्की? परत विचार करा."

"देवाशपथ नाही."

असा माणूस त्याच्या नोकरीत त्याला भेटला नव्हता. मन बदलायच्या आत तो पाणीही न पिता निघून गेला.

भरपाई नको असं कागदावर चढलं ते चढलंच. सरसाबाईचे डबे सायकलीवर आले, निम्मी गिऱ्हाइकं गेली. वर्ष सरलं आणि एका सकाळी तुळाजी पेढे घेऊन घरात शिरला.

"अगं, नव्या वर्षाचा विमा भरून आलो! हप्ता कमी झाला!"

"कशाचा?"

"गाडीचा!"

"कुठल्या गाडीचा?"

तुळाजीनं अंगणाकडं बोट दाखवलं. गाडीत कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"हिच्याच की. आता ही कुठं जात नाही, कुठं पडत नाही. तू बघच, पुढल्या वर्षी आणखी कमी होईल!"