रोजची प्यादेमात

देवळाण्याचे राजे उदाजीराव रोज दुपारी दिवाणजींशी बुद्धिबळ खेळत आणि रोज जिंकत. तेही साधेसुधे नव्हे, शेवटची मात प्याद्यानेच देत. प्यादेमात म्हणजे या खेळातला सर्वांत मोठा मान, आणि राजांचा तो बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

राजकन्येला खेळ शिकवायला सगुणाबाई आल्या, तेव्हा राजांनी त्यांना आठवडाभर पटाशेजारी बसवले. मग भरदरबारात विचारले, "बाई, या संस्थानात सर्वांत तरबेज खेळाडू कोण?"

कोणते उत्तर हवे आहे हे सगुणाबाईंना कळत होते, आणि नोकरीची गरजही होती. पण सुरुवातच खोट्याने केली, तर मुलीला शिकवायचे काय?

"दिवाणजी," त्या म्हणाल्या.

दिवाणजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"रोज हरणारा माणूस?" राजे गुरकावले.

"सरकार, प्यादेमात फार अवघड. समोरचा राजा नेमक्या घरात सापडावा लागतो. दिवाणजी बारा वर्षे स्वतःचा राजा रोज त्या घरात आणून बसवताहेत, आणि आपल्याला कधी संशयसुद्धा येऊ दिला नाही. इतका तयार हात मी दुसरा पाहिला नाही."

राजांनी मोहरी पुन्हा मांडली.

"दिवाणजी, आज खरे खेळा."

घटकाभरात राजांवर मात झाली, आणि तीही प्यादेमात. राजांनी आपला राजा पटावर आडवा केला.

"बाई, उद्यापासून या," ते म्हणाले. "आणि राजकन्येशेजारी आमचाही पाट मांडा."