टायरच्या पादुका

“…आणि समजा बुवा, ऐन वेळी तुमचं मन बदललं तर?”

“मन कशाला बदलेल? चपला तेवढ्या बदलाव्या लागतील,” अंताजीबुवा म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

गाडी घाट उतरत होती. विश्वंभर चालवत होता. गाडी त्याच्या वडिलांच्या वेळची, पण त्यानं ती लेकरासारखी जपलेली. शहरात त्यानं बुवांच्या नावानं नवा मठ बांधला होता, आणि आज संध्याकाळी तिथं बुवांच्या पादुकांची स्थापना होती. पादुका म्हणजे बुवांच्या पायातल्या टायरच्या चपला. मठाच्या दारात त्या काढून चांदीच्या तबकात ठेवायच्या, असं ठरलं होतं. तबक मागच्या सीटवर रेशमी रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

“चौरंग अस्सल शिसवी आहे,” विश्वंभर म्हणाला. “शेजारी एक गादी केलीय.”

“चपलांना गादी?”

“नाही… माझ्यासाठी. लहानशीच आहे.”

बुवा खुदकन हसले.

तेवढ्यात वायपर काचेच्या मध्यावरच थांबले. बाहेर श्रावणातला पाऊस आणि दाट धुकं. पुढचं काही दिसेना. विश्वंभरनं कशीबशी गाडी कडेला घेतली. बटण दाबलं की मोटर गुरगुरायची, वायपर मात्र जागचे हलत नव्हते.

त्यानं बॉनेट उघडलं, काचेखालची जाळी काढली आणि आत डोकं घातलं. ही गाडी त्याला तोंडपाठ होती.

“मोटर ठीक आहे, वायपरही ठीक आहेत. मोटरपासून वायपरकडे जाणारी दांडी सांध्यातून निसटलीय. सांध्यात प्लॅस्टिकची वाटी असते, तिचा पार भुगा झालाय. या गाडीचे भाग आता कुठं मिळत नाहीत.” त्याचा आवाज रडवेला झाला. “लोक जमले असतील, बुवा. सनई लागली असेल. चारचौघांत माझी शोभा होणार!”

“केवढी असते ती वाटी?”

“बोराएवढी. चिवट पाहिजे. जाड रबर असतं तरी…”

वाक्य तोंडातच राहिलं. बुवांनी उजवी चप्पल काढून टाचेला अडकित्ता लावला होता.

“बुवा, थांबा! ती पादुका आहे!”

“अजून नाही. संध्याकाळपासून.”

कट्…

“सुपारीपेक्षा चिवट आहे,” बुवा म्हणाले आणि पुन्हा जोर लावला.

“अहो, मी रोज डोकं ठेवतो तिच्यावर!”

“ठाऊक आहे. म्हणून तर एवढी गुळगुळीत झालीय.”

बुवांनी तुकडा त्याच्या हातावर ठेवला. विश्वंभरनं तो आधी कपाळाला लावला.

“लाव, लाव. मग सांध्यालाही लाव.”

विश्वंभर पुन्हा वाकला. स्क्रू ड्रायव्हरनं रबराला खळगा पाडला आणि तुकडा दांडीच्या भोकात दाबून बसवू लागला. मानेवर पाऊस टपटपत होता. मग तो पडेनासा झाला.

त्यानं वर पाहिलं. बुवा एक पाय अनवाणी चिखलात रोवून उभे होते. डोक्याला रेशमी रुमाल बांधला होता आणि चांदीचं तबक दोन्ही हातांनी शिष्याच्या डोक्यावर धरलं होतं.

“बुवा, हे काय…”

“तबक ऐसपैस घेतलंस ते बरं केलंस. हात चालव.”

दांडी सांध्यात टक्कन बसली. वरून तारेचा वेढा दिला. बटण दाबल्यावर वायपर काचेवरून सर्रकन पलीकडे गेले आणि परत आले. दोघंही पोरांसारखे हसले.

“गाडीचंच टायर होतं,” बुवा म्हणाले. “गाडीकडे परत गेलं.”

त्यांनी कातरलेली चप्पल पायात सरकवली आणि आत येऊन बसले. गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर विश्वंभर हळूच म्हणाला, “पादुका खंडित झाल्या, बुवा. खंडित वस्तूची स्थापना करत नाहीत. आता चौरंगावर काय ठेवू?”

बुवा सुपारी चघळत राहिले…

काच पुसली जात होती, भिजत होती, पुन्हा पुसली जात होती. पलीकडे रस्ता स्वच्छ दिसत होता. विश्वंभरला ते डोक्यावर धरलेलं तबक आठवलं.

“बुवा… चौरंग रिकामाच राहू दे. आणि माझी गादी काढून टाकतो. आजच!”

भरल्या मनानं त्यानं स्टिअरिंग सोडलं, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

बुवांनी झटकन एका हातानं स्टिअरिंग धरलं.

“विश्वा, डोळे उघड. वळण आलं.”