उकंडभाऊंची पहिली खाच

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या चिंचधावला वीज यायच्याही आधी आणि डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी टांग्यातून यायचा तेव्हा, गावात उकंडभाऊ नावाचे औषधवाले होते. नक्की किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या आजीला विचारलं की ती म्हणायची, "माह्या लग्नाच्या पयलेची गोष्ट." आणि तिच्या सासूला विचारलं असतं, तर तीही हेच म्हणाली असती.

त्यांचं दुकान चावडीसमोर. दोन पायऱ्या चढलं की लाकडी मांडणी, तिच्यावर काचेच्या बरण्या आणि पुढ्यात दगडी खल. तेव्हा औषध पाकिटात मिळत नसे. डॉक्टर चिठ्ठी लिहायचा, उकंडभाऊ पूड घोटायचे, पाण्यात कालवायचे आणि तुम्ही घरून आणाल त्या बाटलीत भरून द्यायचे. आता गावचे लोक बाटल्या आणायचे त्या कशा? कुणाची घासलेटाची, कुणाची गोडेतेलाची. उकंडभाऊ बाटली नाकाशी धरायचे, तोंड वाकडं करायचे आणि आधी राखेनं, मग कढत पाण्यानं स्वतः धुवायचे. असं म्हणतात, की नुसत्या बाटलीच्या वासावरून ते सांगायचे, घरात आजारी कोण आहे आणि आज चुलीवर भाजी कसली आहे. आजारी कोण ते सांगत असतील बुवा. भाजीचं मला काही खरं वाटत नाही. पण गाव सांगतं, म्हणून मीही सांगतो.

बाटली भरली, की तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवायची. ही पट्टी नीट ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. कागदाची घडी घालायची, कडेला कात्रीनं खाचा पाडायच्या आणि खळीनं बाटलीला उभी डकवायची. एका वेळेला औषध एका खाचेपर्यंत उतरवायचं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं अशी ती सोय. उकंडभाऊंच्या खाचा म्हणे डोळे मिटून कापल्या तरी केसभर इकडेतिकडे होत नसत.

एवढं करून दुकान बंद केलं की माणूस घरी जाईल की नाही? पण घरी होतं कोण? बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. मग उकंडभाऊ विहिरीत जंतू मारायचं औषध टाकायला जायचे, देवीची लस टोचायला माणूस आला की घराघरातून लपलेली पोरं काढायचे, वाट चुकलेल्या म्हाताऱ्यांना गावी पोचवायचे. असं म्हणतात, की एकाच दिवशी एकाच वेळी ते तीन वस्त्यांवर दिसले होते. तीनही वस्त्यांवर त्यांनी चहा घेतला होता, आणि तिन्हीकडच्या बाया शपथेवर सांगायच्या.

पण अशा माणसाच्याही हातून एक चूक झाली.

कोष्टीपुऱ्याच्या टोकाला मैनाबुढी एकटी राहायची. तिला ताप आला. उकंडभाऊंनी बाटली भरली, सहा खाचांची पट्टी लावली, नेऊन तिच्या उशाशी ठेवली आणि दिवसातून तीनदा घ्यायचं म्हणून सांगून आले. तिसऱ्या दिवशी जाऊन बघतात, तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली आणि पट्टी गायब. पट्टी कुठे? तर मैनाबुढीनं ती भिजवून सोडवली होती आणि काळ्या दोऱ्यात ओवून दंडाला बांधली होती, ताईत बांधतात तशी.

"माय, हे काय केलं?" उकंडभाऊ म्हणाले. "औषध बाटलीत हाये ना!"

"मले ठाऊक हाये बाप्पा," मैनाबुढी म्हणाली. "पण बूच उघडाले हात चालत नाही, आन् पाजाले कोणी नाही. मंग म्हणलं, तुह्या हातची पट्टी तरी अंगाले लागू दे."

उकंडभाऊंनी तिला लगेच औषध पाजलं, दुपारी पाजलं, संध्याकाळीही पाजलं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबुढी गेली.

तिच्या भिंतीला भिंत लागून झिंगराजी कोष्ट्याचं घर. मैनाबुढीच्या शेळीनं एकदा त्याचं मागावरचं सूत खाल्लं होतं, तेव्हापासून दोघांची बोलाचाली बंद. बुढीला पोचवून सगळे परत फिरले, तेव्हा उकंडभाऊंनी चारचौघांत झिंगराजीला एवढंच विचारलं, "तिचं कण्हणं तुमच्या घरात आयकू येत होतं काय?"

झिंगराजी खाली बघून म्हणाला, "येत होतं."

गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. त्या दिवसापासून झिंगराजीशी लोक तुटक वागायला लागले आणि झिंगराजी दुकानाची पायरी चढेनासा झाला. अंगात कणकण असली तरी काढा पिऊन पडून राहायचा, पण उकंडभाऊंकडे जायचा नाही.

इकडे उकंडभाऊंनी नवीनच पद्धत काढली. पट्टी कापली, की शाईची जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करायची आणि प्रत्येक खाचेसमोर एकेका माणसाचं नाव लिहायचं. सकाळच्या खाचेला शेजारीण, दुपारच्या खाचेला सुतार, संध्याकाळच्याला पाटलाची सून. ज्याचं नाव असेल, त्यानं त्या वेळेला जाऊन आपल्या हातानं औषध पाजायचं आणि दोन शब्द बोलून यायचं. विचारायचे नाहीत, थेट लिहायचे. लोक कुरकुर करायचे. "भाऊ, माह्यं पेरणीचं काम अडलं, अन् तुम्ही माह्यं नाव लिवलं!" पण लिहिलं म्हटल्यावर जायचे. हळूहळू असं झालं, की आपलं नाव पट्टीवर बरेच दिवस आलं नाही तर माणसाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. बाया पाणवठ्यावर एकमेकींना चिडवायच्या, "तुह्यं नाव नाही वाट्टे औंदा? चमचा आपटून औषध सांडलं व्हतं ना मागं!" असं म्हणतात, की पुढच्या बारा वर्षांत पेन्सिल लावून लावून उकंडभाऊंची जीभ कायमची जांभळी झाली. हे मात्र खरं असावं, कारण माझ्या आजीनं ती स्वतः पाहिली होती.

बारा वर्षांत गावातल्या झाडून सगळ्या घरांची नावं पट्टीवर आली. चोराचं आलं, दारुड्याचं आलं, बाजारापुरतं येणाऱ्या कासाराचंसुद्धा आलं. फक्त झिंगराजीचं आलं नाही, एकदाही नाही. आणि तो माणूस रोज संध्याकाळी माग थांबवून दारात बसायचा आणि गल्लीतून कोण कुणाच्या घरी औषध पाजायला चाललंय ते बघायचा. त्याची बायको सांगायची, "ह्यायले कोणी बलावलं असतं तं हे धावत गेले असते." पण बोलावणार कोण?

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता तापाची मोठी साथ आली. घरागणिक दोघं-तिघं आडवे. उकंडभाऊ पहाटेपासून खल घोटायचे. असं म्हणतात, की त्या वीस दिवसांत त्यांचा खल थांबला नाही आणि त्याच्या आवाजावर गावातल्या पिठाच्या जात्यांची लय लागली होती. एकविसाव्या दिवशी सकाळी मात्र आवाज आला नाही.

लोक धावले. दुकानाचं दार आतून नुसतं लोटलेलं. उकंडभाऊ खलाशेजारी पोत्यावर पडलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. शेजारी त्यांनी स्वतःसाठी भरलेली बाटली होती, बूच न उघडलेली. बाटलीवर आठ खाचांची पट्टी. दुसरीपासून आठवीपर्यंत खाचा कोऱ्या, आणि पहिल्या खाचेसमोर जांभळ्या अक्षरात एकच नाव: झिंगराजी.

पाटील म्हणाला, "तापात काहीतरी लिवलं असंल. द्या इकडं, मी पाजतो."

पण तिथे मैनाबुढीला पोचवायला गेलेली सुतारीण उभी होती. तिनं बाटली पदराखाली घेतली. "ज्याचं नाव, त्याच्याच हातानं," ती म्हणाली. "भाऊचाच नियम हाये."

एव्हाना उकंडभाऊंचा श्वास वर लागला होता. सुतारीण उन्हातून कोष्टीपुऱ्यापर्यंत पळत गेली आणि झिंगराजीसमोर बाटली धरली. त्याला वाचता येत नव्हतं. "तुमचं नाव हाये," ती म्हणाली. त्याला खरं वाटेना. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा विचारलं, "माह्यं?" आणि मग हातातला मागाचा धोटा तिथेच टाकून तो निघाला. असं म्हणतात, की साठीचा तो माणूस असा धावला, की वाटेतली कोंबडीसुद्धा हलली नाही. तो गेला हेच तिला कळलं नाही.

झिंगराजीनं उकंडभाऊंचं डोकं मांडीवर घेतलं, बूच उघडलं आणि पहिल्या खाचेपर्यंत औषध घोट-घोट पाजलं. एक थेंबही सांडला नाही. मग तो तिथेच बसून राहिला.

उरलेल्या सात खाचांवर लोकांनी आपणहून नावं लिहिली. नंतर येणाऱ्यांना जागा उरली नाही, म्हणून त्यांनी खाली नवी पट्टी जोडली, तिच्याखाली आणखी एक. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी काजळाचा अंगठा उठवला. असं म्हणतात, की ती पट्टी बाटलीवरून निघून दोन पायऱ्या उतरली, चावडीला वळसा घालून थेट पारापर्यंत गेली, आणि तेवढ्या सगळ्या खाचा उतरूनही बाटली आटली नाही. माझी आजी म्हणायची, "आटली कशी नाही? आठव्या खाचेलेच आटली. मंग नवव्या बाईनं तिच्यात भाताची पेज भरली, आन् पुढच्यायनं तेच केलं." मला विचाराल तर चमत्कार हाच मोठा.

नवव्या दिवशी उकंडभाऊंनी डोळे नीट उघडले. झिंगराजी समोरच होता. त्यानं बारा वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "भाऊ, आतापावतर माह्यं नाव काहून नाही लिवलं?"

उकंडभाऊ म्हणाले, "बाटली ठेवून आलो तो मी. पाजणारं कोणी हाये का, हे विचारलं नाही, तेही म्याच. चूक माही होती, आन् चारचौघांत तुह्या माथी मारली. तुह्यं नाव लिवाले पेन्सिल उचलली की मलेच लाज वाटे." आणि ते रडले. झिंगराजीही रडला. सुतारीण म्हणाली, रडून झालं असलं तर पेज थंड होऊन राह्यली.

उकंडभाऊ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. काही जण म्हणतात, पट्टीवर जितक्या खाचा होत्या तितके महिने जगले. ते गेले तेव्हा तिरडीला खांदा देणाऱ्यांत झिंगराजीचा मुलगा पुढे होता.

आता औषधाच्या बाटल्यांवर छापील कागद असतो आणि गोळ्या तर पानातच मोजून येतात. तरी चिंचधावला आजही कुणी अंथरूण धरलं, की घरची बाई आधी कागद आणि कात्री काढते. आठ खाचांची पट्टी उशाशी लावतात. सात खाचांवर गल्लीतली माणसं आपणहून नावं लिहून जातात. पहिली खाच मात्र आजाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायची, आणि तिथे ज्याच्याशी आपलं बोलणं तुटलंय त्याचंच नाव लिहायचं, असा उकंडभाऊंच्या नावानं चालत आलेला नियम आहे. कुणाशीच वैर नसेल तर ती कोरी ठेवायची. कोरी पहिली खाच मी अजून एकही पाहिली नाही.

गेल्या थंडीत मला न्यूमोनिया झाला. सात खाचा पहिल्याच दिवशी भरल्या. पहिली दोन दिवस तशीच राहिली. बांधावरून माझं आणि चुलतभाऊ शालिकरामचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि मीही काही कमी हट्टी नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं पेन्सिल हातात दिली. मी नाव लिहिलं. पोरीनं पट्टी त्याच्या घरी नेऊन दाखवली. ती परत यायच्या आत शालिकराम माझ्या उशाशी उभा होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला आणि हातात चमचा.