ठमाईचं छप्पर

हे छप्पर बघताय ना पाव्हणं, त्याला हात तेवढा लावू नका. फोटो काढा, हवे तेवढे काढा, पण गवताची काडी ओढू नका. मागं शहरातल्या एका पोरानं काडी ओढून दात कोरले, तेव्हा बायकांनी त्याला असं फैलावर घेतलं की तो चहा न पिताच गेला.

आमच्या सगळ्या तळेमाळ गावावर आता पत्रे आले, दोघातिघांचे स्लॅबही पडले. गवतानं शाकारलेलं असं हे एकच उरलंय. पत्रा परवडत नाही म्हणून नव्हे हां! बाजूला ती पक्की वखार दिसते ना, ती गावानं स्वतःच्या कमाईतून बांधलीय. हिरडा वेचायचा आमच्या बायकांनी, वाळवायचा त्यांनी, निवडायचा त्यांनी, आणि भाव सांगायचा तोही त्यांनीच. गावची पोरं कामासाठी मुंबई-नारायणगाव करत फिरायची, त्यातली निम्मी आता इथंच वखारीत राबतात. पण सौदा मात्र वखारीत होत नाही, तो या छपराखाली होतो. व्यापाऱ्यानं घाट चढून वर यायचं. विकल्याशिवाय आमचा माल घाट उतरत नाही. आणि दर वर्षी, कोणाचं स्वतःचं घर गळत का असेना, आधी हे छप्पर शाकारायचं, मग आपलं बघायचं. असं का, ते विचारलंत म्हणून हा लुमाबाबा सांगतोय. बसा खाली. उभ्या-उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही, आणि हसण्यावारी न्यायची तर नाहीच नाही.

फार मागची गोष्ट. सडक नव्हती. घाट म्हणजे कड्याच्या अंगानं गेलेली पायवाट, पाय घसरला तर माणूस थेट खाली. उतारावर ही हिरड्याची झाडं तेव्हाही होती. वैशाखाच्या आत कोवळा हिरडा वेचायचा, खडकावर वाळवायचा, काळा कुळकुळीत झाला की टोपल्या भरून डोक्यावर घ्यायच्या आणि घाट उतरायचा. खाली पेठेत एक शेट होता. त्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. नाव घेतलं की घरातलं मीठ आळणी होतं, असं सांगतात. त्याच्याकडे मीठ, आमच्याकडे हिरडा. पैसा कोणी पाहिला होता!

शेट बोलायला मोठा गोड. ओझं उतरवायला स्वतः हात लावायचा, पाणी द्यायचा आणि मग पान लावत बसायचा. दुपार कलली की उठायचा, मूठभर हिरडा नाकाशी धरून "ओला आहे गं बाई" म्हणायचा, आणि अख्ख्या ओझ्यापोटी एक माप मीठ पुढं सरकवायचा. नको म्हणावं, तर तेच ओझं घेऊन उन्हातान्हात दमलेल्या पायांनी घाट चढायचा. कोण चढणार? माणसं खाली मान घालून ते मीठ पदरात बांधायची आणि परत यायची. बाप आला तसा लेक आला, सासू आली तशी सून आली. कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं होतं.

ठमा या गावची सून. खेवजीची बायको. तोंडाची फटकळ, पण कामाला मागं सरणारी नव्हे. तिला एकच लेक होती, सुंदी. नुकती चालायला लागलेली, छातीची नाजूक. जरा गारठा लागला की पोरीची छाती भरायची आणि ठमाचा जीव खालीवर व्हायचा. सगळा जीव तिचा त्या पोरीत, असं सांगतात.

एका वर्षी ठमा आणि खेवजी हंगामाचं पहिलंच ओझं घेऊन खाली गेले. खेवजीनं टोपली टेकवली आणि मटकन खाली बसला. ठमा त्याच्या थरथरत्या पिंढऱ्यांकडे बघत राहिली. शेट अजून एक शब्द बोलला नव्हता, पण सौदा झालेला होता. वर आली ती बाई थेट गावकी बसली होती तिथं जाऊन उभी राहिली.

"वझं खाली टेकवलं की आपण हरतो," ती म्हणाली. "आपण उतरायचंच नाय. त्याला चढू दे."

माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "आणि नाय चढला तर?"

"चढंल. त्याला पावसाआधी माल बंदराला धाडायचा असतोय. त्याचंबी अडतंय, बाबा. आपण कधी बघितलंच नाय."

हसणं थांबलं. मग म्हणे बराच वेळ वाद झाला. एकेकाच्या घरात माल राहिला तर शेट एकेकाला फोडणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. तेव्हा ठरलं की साऱ्या गावाचा हिरडा एका जागी रचायचा, कोणाचा किती ते नंतर बघू. गावदेवी कळमजाईपुढं शपथेचा भंडारा उचलायची वेळ आली तेव्हा ठमा पुढं झाली. म्हणाली, "आई, माझ्या लेकराच्या डोक्यावरचं छप्पर गेलं तरी चालंल, पण गावाच्या हिरड्यावर थेंब पडू देणार नाय. भाव आमच्या दारात ठरंल."

देवीपुढं माणसानं जपून बोलावं. भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातो, पण ती ऐकत असते. खेवजीनं तिथंच तिचा पदर ओढला, पण शब्द तोंडातून गेला होता.

आता ऐका, गाव कुठं फसलं ते. मेढी म्हणजे खांब रोवले, वर आडवी लाकडं बांधली, कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, खाली दगड अंथरून हिरड्याचा ढीग रचला. आणि वर शाकारायला गवत बघतात तर माळावर काडी नाही! आम्ही राब भाजणारी माणसं. पेरणीआधी शेतात पाला, गवत पसरून जाळायचं, मग त्यात नाचणी टाकायची. त्या वर्षीही सवयीनं, कोणी काही विचार न करता, उरलंसुरलं सगळं गवत राबात जाळून मोकळे झाले होते. सगळ्यांनी डोक्यावर हात मारून घेतले. गवत राहिलं होतं ते फक्त घरांवर.

तोवर मीठ संपलं होतं. आळणी आंबील पोरांना उतरेना. म्हाताऱ्यांचे पाय सुजले. बायका मिठाचं रिकामं मडकं धुऊन त्याचं पाणी कोरड्यासात घालायच्या. शेटनं खाली निरोप्यांना सांगून ठेवलं होतं, "एक सडाका पडू द्या, आपणहून येतील." आणि सुंदीची छाती त्यातच भरली.

एका सकाळी खेवजीनं ढिगातला टोपलंभर हिरडा काढला आणि घाटाच्या तोंडाशी गेला. ठमा पोरीला कडेवर घेऊन आडवी आली.

"पोर मरतंय, ठमे," तो म्हणाला. "खाली वैदू हाय, मीठ हाय."

"तू उतरलास तर उद्या समदे उतरतील."

"उतरू दे की! तुझ्या बोलापायी पोर घालवू?"

ठमा वाटेतून बाजूला झाली नाही म्हणे. खेवजी मोठ्यानं रडला, आणि टोपली उचलून माघारी गेला. त्या बाईला दगड म्हणावं की आणखी काय म्हणावं, हे तुमचं तुम्ही ठरवा. गावात अजून त्यावर भांडणं होतात.

तिन्हीसांजेला पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं. ठमानं पोरीला नवऱ्याच्या मांडीवर दिली, स्वतःच्या घरावर चढली आणि गवत उपसून खाली टाकायला लागली. बघता बघता शेजारची चढली, मग तिच्या पलीकडची. घरं उघडी बोडकी झाली आणि हिरड्याच्या ढिगावर छप्पर चढलं. शेवटची पेंढी बांधतायत तोच पाऊस कोसळला, असं सांगतात.

तो वळीव थांबलाच नाही. गाव उघड्या भिंतींत भिजत बसलं. माणसं इरल्याखाली, पोरं माणसांच्या पोटाखाली. ठमानं सुंदीला छातीशी धरून वर इरलं घेतलं, पण पाणी खालूनही येत होतं. पोरीचा श्वास घरघरायला लागला तेव्हा ती तिला घेऊन या छपराकडे आली. कोपऱ्यातला ढीग थोडा उकरला असता, दोन पोती माल बाहेर पावसात टाकला असता, तर पोरीपुरती जागा झाली असती. तिनं हिरड्यात हात घातला. मागं बघितलं तर प्रत्येक उघड्या घरात एकेक पोर कुडकुडत होतं, आणि साऱ्या आया तिच्याकडे बघत होत्या. एकाला आत घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागणार आणि माल जाणार. ठमानं हात काढून घेतला आणि परत गेली. उजाडलं तेव्हा पोर थंड पडलं होतं.

काय बोलायचं यावर! माती दिली, गाव सुतकात बसलं.

पाऊस जरा उघडला आणि खालून बैलांच्या घंटा ऐकू आल्या. शेट आला होता, मिठाची पोती बैलांवर लादून. खाली बंदराचे लोक मालासाठी खोळंबले होते, आणि घाट एकदा निसरडा झाला की बैल चालत नाहीत. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण वर आल्यावर पहिला शब्द तोच, "मागचाच भाव देतो."

कोणी हललं नाही. सुतक होतं. सुतकात सौदा करत नाहीत. शेट या दारातून त्या दारात गेला, आवाज चढवला, मग उतरवला. तेवढ्यात पुन्हा आभाळ फुटलं. बैलांच्या पाठीवरची पोती भिजायला लागली, आणि पांढरं पाणी त्यांच्या पोटावरून खाली ओघळायला लागलं. लादलेला बैल भर पावसात त्या घाटानं परत उतरणार नव्हता. मीठ ठेवायला गावात एका घरावर छप्पर नव्हतं. होतं ते हेच.

शेट चिखलातून छपरापाशी आला. दारात ठमा बसली होती.

त्यानं हात जोडले. "बाई, पोती तेवढी आत घेऊ दे. माणूस म्हणून घेऊ दे."

ठमा म्हणाली, "माझी पोर ह्या छपराखाली आली नाय. तुझं मीठ येतंय. मग भाव माझा."

मापाला माप. जेवढा हिरडा तेवढं मीठ. माप आमचं, भरणार आमच्या बायका, आणि दर वर्षी शेटनं वर यायचं. तो हो म्हणाला. नाही म्हणायला त्याच्याकडे काय उरलं होतं? सुतकात सौदा झाला तो तेवढा एकच, आणि देवीनं तो पदरात घेतला म्हणतात. त्या दिवशी गावानं भाकरीवर मीठ घेऊन खाल्लं आणि खाताना माणसं रडली. ठमानं खाल्लं नाही. मरेपर्यंत तिनं मीठ तोंडात घातलं नाही म्हणे. खेवजी पुढं तिच्याशी बोलला की नाही, यावर दोन मतं आहेत. काही म्हणतात, कधीच नाही. बायका म्हणतात, बोलायचा, पण घरात पाऊस सुरू झाला की उठून बाहेर जाऊन बसायचा.

लोक आता तिला ठमाई म्हणतात, नारळ फोडतात. फोडू देत. पण ती देवी नव्हती हो. देवी असती तर तिला कशाला एवढं सोसावं लागलं असतं? बाई होती, आणि पुढची सगळी वर्षं तिनं त्या एका दिवसाचा हिशेब स्वतःशी मांडण्यात घालवली. म्हातारपणी एकदा शाकारणी चालू असताना ती आत आली, कोपऱ्यातली पोती स्वतः ओढून बाहेर टाकली आणि एवढंच म्हणाली, "हितं काय ठेवू नका."

आजही तो कोपरा रिकामा असतो. या, वाकून आत बघा. वखार ओसंडली, माल अंगणात पडला, तरी तिथं पोतं टाकत नाहीत. सौदा चालू असताना सर आली की बायका आधी पोरांना धरून त्या कोपऱ्यात ढकलतात, आपली असोत, व्यापाऱ्याची असोत, वाटसरूची असोत. सगळी आत आली की मग माल झाकायला धावतात. गेल्या वर्षी त्यात बरीच पोती भिजली. व्यापारी बोंब मारत होता, पण पोरं आत येईपर्यंत कोणी पोत्यांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.