डाकवाल्याची जड सायकल

फार पूर्वी एक राज्य होते. तिथे घोडा फक्त राजाकडे आणि सायकल घरोघरी. असे कुठे असते का, हे मला विचारू नका. गोष्टीत असते.

त्या राज्यातल्या एका डोंगराळ गावात दर पाच वर्षांनी सायकलींची शर्यत होई. नदीकाठच्या पारापासून घाटमाथ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. जो जिंकेल, त्याच्याकडे गावाच्या डाकेची पिशवी पाच वर्षे राहायची. पिशवी ज्याच्या खांद्यावर, त्याला गावात मान मोठा.

मागची शर्यत एका तरुणाने वाऱ्यासारखी मारली होती. डाकवाला झाल्यावर पहिले काही महिने तो दारोदार फिरला. मग त्याला वाटले, पत्र लोकांचे, तर पाय आपण का झिजवायचे? तो पारावर बसून शंख फुंकू लागला आणि लोक येऊन पत्रे नेऊ लागले. येताना कोणी करंजी आणी, कोणी चकली. डाकवाला बसल्या जागी पत्रे वाटायचा आणि बसल्या जागी खायचा. सायकल खुंटीला टांगलेली होती.

शर्यत आठ दिवसांवर आली तेव्हा त्याने सायकल खाली काढली आणि आपल्या बालमित्राकडे नेली. हा मित्र गावचा लोहार, सायकली तोच दुरुस्त करायचा. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि धुऊन-पुसून परत दिली.

डाकवाला तिच्यावर बसून नदीपर्यंत गेला, आणि तेवढ्यातच त्याला धाप लागली. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सायकल पूर्वी इतकी जड नव्हती. कोणीतरी काहीतरी केले आहे!

एकदा संशय शिरला की तो पाहुण्यासारखा चार दिवसांत जात नाही. अंगरखा पोटावर बसेना, तेव्हा त्याने परटाला धरले. "मुद्दाम आकसवलास ना? कोणी सांगितलं तुला?" बायकोने भाजी वाढली तर तो आधी हुंगून बघायचा.

"अहो, भाजी तीच आहे, फक्त तुम्ही तिसऱ्यांदा घेताय," ती म्हणाली.

तिच्यावरही त्याचा विश्वास उरला नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. त्या शर्यतीत एक जुना नियम होता. घाटाच्या पायथ्याशी सगळ्यांनी थांबायचे आणि शेवटचा गडी येईपर्यंत चढ सुरू करायचा नाही. तिथे पंच बसलेले असत. आपल्या सायकलीत घातपात झाला आहे असे कोणाला वाटले, तर त्याने ती दुसऱ्या कोणाशीही बदलून घ्यावी. मात्र ज्याच्यावर संशय, त्याचे नाव चारचौघांत मोठ्याने घ्यावे. शर्यतीनंतर सायकल खोलून बघत, आणि दोषी ठरेल त्याला गाव सोडावे लागे. आरोप खोटा निघाला तर काय करायचे, हे मात्र नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते.

बाकीचे पायथ्याशी येऊन पाणी पिऊन ताजे झाले, तरी डाकवाल्याचा पत्ता नव्हता. शेवटी तो आला तो घामाने निथळत.

"माझी सायकल बिघडवली आहे," तो पंचांना म्हणाला. "मला बदलून हवी."

"नाव घे," पंच म्हणाले.

लोहार समोरच गर्दीत उभा होता. लहानपणी दोघे एकाच ताटात जेवले होते. पण पिशवी जाणार या भीतीपुढे त्याला काही सुचेना. त्याने लोहाराचे नाव घेतले. लोहाराने मान खाली घातली.

डाकवाल्याने सायकल निवडली ती माळणीची. ती रोज पहाटे भाजीची टोपली बांधून घाट चढायची. टोपली अजून बांधलेली तिची सायकल खडखडत होती, पण नियम तो नियम. माळीण डाकवाल्याच्या सायकलीवर बसली आणि बघता बघता पहिल्या वळणापलीकडे गेली.

डाकवाला दुसऱ्या वळणावर उतरला. त्याने माळणीची टोपली उलटी करून पाहिली, तळाशी धोंडा तर नाही? निघाले एक सुकलेले वांगे. शेजारी एक म्हैस चरत होती.

"काय गं," तो धापा टाकत म्हणाला, "हा चढ कोणी वाढवलाय का?"

"मी जन्मापासून इथेच चरते," म्हैस म्हणाली. "चढ होता तेवढाच आहे."

म्हशीलाही कोणीतरी फितवले असावे, असे त्याला वाटले. तो सायकल ढकलत घाटमाथ्याला पोहोचला आणि परत पाराशी आला, तेव्हा माळणीला हार घालून झाला होता. त्याच्याच जड सायकलीवर ती पहिली आली होती.

पंचांनी सगळ्यांसमोर सायकल खोलली. चाकांत नवे कोरे छर्रे होते आणि ताजे वंगण होते. इतके चांगले काम गावात दुसऱ्या कोणाच्याही सायकलीत नव्हते.

"तुझं अंग सुटलेलं मला दिसत होतं," लोहार म्हणाला. "तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून म्हटलं, निदान चाकं तरी हलकी करून द्यावीत."

डाकवाल्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पिशवी माळणीकडे गेली, आणि त्या दिवसापासून पत्रे पुन्हा दारोदार पोहोचू लागली. त्याच आठवड्यात लोहाराने भाता आणि हत्यारे गाडीत भरली. डाकवाला धावत गेला. गाडीपर्यंत पोहोचेतो त्याला चारदा थांबावे लागले.

"जाऊ नकोस रे. माझं चुकलं."

"चुकलं, हे खरं," लोहार म्हणाला. "पण आता मी कोणाचंही चाक खोललं, की गिऱ्हाईक आधी माझ्या हातांकडे बघतं. असं काम मला जमायचं नाही."

दोषी असता तर त्याला गाव सोडावे लागले असते. तो निर्दोष होता, आणि तरी गेला.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: आपली उणीव दुसऱ्याच्या माथी मारणारा शर्यत एकदाच हरतो, पण जिवाभावाचे माणूस कायमचे गमावतो.